आजोबांचं जुनं फाउंटन पेन : ओळख कशी पटवावी, दुरुस्ती कुठून सुरू करावी?

शाईदौत
घरातल्या जुन्या कागदांच्या पेटीत आजोबांचं फाउंटन पेन निघालं. जे दिसतंय ते सगळं लिहितो.

टोपण लावून लांबी १२.८ सेंमी. दांडा आणि टोपण हिरव्या-काळ्या संगमरवरी नक्षीचे, बोटांनी धरायचा गळा मात्र साधा काळा. दांड्याच्या कुशीत शाई भरायची सोनेरी तरफ आहे, नखाने उचलली तर हलत नाही. निबवर 'कॉनवे स्टुअर्ट' आणि खाली '१४ सीटी गोल्ड'. दांड्यावरची अक्षरं झिजली आहेत. 'मेड इन इंग्लंड' लागतं, वरच्या मॉडेलच्या आकड्यातला फक्त शेवटचा ८ दिसतो. पेन हलवलं की आत काहीतरी खुळखुळतं.

प्रश्न तीन. हे साधारण कधीचं? लिहितं होईल का? आणि आज रात्री कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा विचार आहे, त्यात साबण किती घालू?

बोरूवाला
पाण्यात अजिबात घालू नका! आधी दांडा कशाचा आहे ते नक्की करा, बाकीचं नंतर.

बोरूवाला
आता सविस्तर. कॉनवे स्टुअर्ट ही १९०५ साली लंडनमध्ये सुरू झालेली कंपनी. त्यांची बरीच रंगीत पेनं केसीनची आहेत. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन, ते फॉर्मॅलिनमध्ये मुरवून कडक करत. त्यात रंगाचे पट्टे फार खोल आणि सुरेख येतात, पण हा पदार्थ पाणी पितो. काही तासांत फुगतो, वाकतो, आणि वाळताना पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं उमटतं. ते जाळं कोणत्याही पॉलिशने जात नाही. रात्रभर बुडवलेलं केसीनचं पेन सकाळी टोपणात शिरत नाही.

पेन सेल्युलॉइडचं असेल तर पाण्याने इतकं बिघडत नाही, मात्र उष्णतेची भीती मोठी. एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं असेल, तर पाणी आणि ऊन दोन्हींनी काळा रंग तपकिरी-शेवाळी होतो. तीन पदार्थ, तिघांची पथ्यं वेगळी.

टीपकागद
बोरूवाला यांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालते: तरफ पुन्हा उचलू नका. आतली शाई साठवायची रबराची पिशवी सुकून कवचासारखी झाली आहे, खुळखुळतात ते तिचेच तुकडे. त्या कवचावर जोर दिला की तरफेची पिन वाकते किंवा तिला धरणारी कडी निसटते. पिशवी बदलणं सोपं, तरफ बसवणं कटकटीचं.

तांबडीशाई
पदार्थ ओळखायला जुनी युक्ती आहे. सुई तापवून आतल्या बाजूला टेकवायची आणि वास घ्यायचा. कापूर आला तर सेल्युलॉइड, जळक्या दुधाचा आला तर केसीन.

निबनिगुती
तांबडीशाई, ही युक्ती कृपा करून कोणी वापरू नये. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. तापलेली सुई लागली तर ते भपकन पेटतं, आणि एकदा पेटलं की फुंकर मारून विझत नाही. वास घ्यायला सुई लागतच नाही. अंगठ्याने एकच जागा दहा-पंधरा सेकंद जोरात चोळा, पृष्ठभाग गरम झाला की लगेच नाकाशी धरा. कापराचा वास सेल्युलॉइडचा, गंधकाचा वास एबोनाइटचा. अॅक्रिलिकला जवळपास वासच नसतो. टोपण बरेच दिवस बंद राहिलं असेल तर ते उघडल्या उघडल्या आतून वास घ्या, तिथे तो कोंडलेला असतो.

केसीनसाठी वेगळी चाचणी. टोपणाच्या तोंडाची आतली कड दिसत नाही, तिथे टाचणीच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवायचा. एक मिनिटाने टिपकागदाने टिपून घ्यायचा. केसीन असेल तर तेवढ्या जागेची चकाकी जाते आणि नखाला किंचित चिकट लागतं. बाकी पदार्थांवर काहीच फरक दिसत नाही.

रेघोटी
वाचनखूण साठवली.

कित्ता
थेंबाच्याही आधी भिंग. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि तरफेच्या खाचेभोवती बघा. जुन्या केसीनवर तिथे केसासारख्या भेगा असतात. सेल्युलॉइडवर अशा भेगा सहसा दिसत नाहीत. सेल्युलॉइड बिघडतं ते वेगळ्या तऱ्हेने. आक्रसतं, रंग पिवळसर-तपकिरी होतो, तोही नेमका पिशवी असते त्या पट्ट्यात, कारण रबरातून निघणारा गंधकाचा वायू त्याला काळवंडवतो.

पुसट अक्षरांसाठी: खोली अंधारी करा, टॉर्च दांड्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि पेन हळूहळू फिरवत फोटो काढा. समोरून प्रकाश पडला तर उथळ अक्षरं बुजतात, आडव्या प्रकाशात त्यांच्या कडांची सावली पडते. तरी नाही जमलं तर पातळ कागद गुंडाळून वरून मऊ पेन्सिल आडवी घासा. अक्षरांमध्ये पांढरा रंग भरू नका, तो झिजलेल्या कोरणीतून पूर्ण निघत नाही.

शाईदौत
सगळ्यांचे आभार, पाण्याचा बेत रद्द. चोळून पाहिलं, कापूर नाही, गंधकही नाही. खाचेभोवती भिंगातून चार-पाच बारीक रेघा दिसतात. थेंबाची चाचणी केली: कडेवर मोहरीएवढा मंद डाग, नखाला चिकट. काळा गळा चोळला की गंधकाचा वास येतो.

निबनिगुती
म्हणजे दांडा आणि टोपण केसीनचे, गळा एबोनाइटचा. ही जोडी अगदी नेहमीची आहे.

काळाबद्दल: 'सीटी' हे कॅरटचं लिखाण इंग्लंडचं, अमेरिकी निबवर सहसा 'के' असतो आणि जर्मन निबवर बहुधा ५८५ किंवा ७५०. तरफेची पद्धत वॉल्टर शेफर यांनी १९०८ मध्ये पेटंट केली आणि पुढची कित्येक दशकं ती चालली, त्यामुळे नुसत्या तरफेवरून वर्ष ठरत नाही. वर्ष जवळ आणायचं तर आकडा, क्लिपचा आकार आणि टोपणावरच्या कड्यांची संख्या ही तिन्ही एकत्र जुळवावी लागतात. एक सावधगिरी: निबवरून पेनाची ओळख ठरवू नका. निब सहज बदलता येते आणि जुन्या काळी ती बदलली जायचीच. 'वॉरंटेड १४' असं लिहिलेली, कंपनीचं नाव नसलेली निब दिसली तर ती बहुतेक वेळा मागाहून बसवलेली असते. तुमच्याकडे निब आणि दांडा दोन्ही एकाच घरचे दिसतात, हे चांगलं.

जुनं_टोपण
धागा जरा भरकटवतो, पण विषय जवळचा आहे. घरातून निघणाऱ्या पेनांत लपवलेल्या निबचं, बाणाच्या क्लिपचं पेन बरेचदा असतं. ते अमेरिकी पार्कर ५१ की तसंच दिसणारं चिनी हीरो ६१६, हे कसं ओळखायचं?

कित्ता
टोपणाच्या तोंडाजवळ कोरलेलं नाव आधी वाचा, बहुतेक वेळा तिथेच निकाल लागतो. नाव नसेल तर शाई भरायची यंत्रणा बघा. ५१ दोन प्रकारांत येतं. १९४१ ते १९४८ च्या पेनांत दांड्याच्या शेपटाला छोटं टोपण असतं, ते काढलं की दट्ट्या दिसतो. याला व्हॅक्युमॅटिक म्हणतात. १९४८ पासूनच्या पेनांत दांडा मधून उघडतो आणि आत धातूच्या म्यानात पारदर्शक पिशवी, तिच्यावर दाबायची पट्टी असते.

व्हॅक्युमॅटिक असेल तर वर्ष काढणं फार सोपं. दांड्यावर एक आकडा आणि त्याच्याशेजारी ठिपके असतात. आकडा वर्षाचा शेवटचा अंक, ठिपके तिमाहीचे. हा प्रकार आठच वर्षं निघाला, म्हणून ६ म्हणजे १९४६च, दुसरं वर्ष संभवत नाही. दांडा अॅक्रिलिकचा असतो, साध्या गार पाण्याने धुतलेला चालतो.

बोरूवाला
आणि मधून उघडणाऱ्या ५१ ची पिशवी रबराची नसते, म्हणून ती आजही बहुधा धड असते. काहीही उघडू नका. निबकडचा भाग एक दिवस गार पाण्यात उभा ठेवा, मग पट्टी दाबून सोडा, असं पाणी स्वच्छ येईपर्यंत. आत वाळलेल्या शाईला खूप पदर असतात, पन्नास-साठ वेळा दाबावं लागलं तरी कंटाळू नका. व्हॅक्युमॅटिकमध्ये मात्र रबराचा पडदा असतो, तो बदलावाच लागतो. त्याची कडी काढायला खास पाना लागतो. साध्या पकडीने ती चेपते आणि मग पेन कायमचं अडतं.

टीपकागद
मूळ पेनाकडे येऊ या. शाईदौत, आता उघडायची पद्धत. केसीन आहे, म्हणून सगळं कोरडं.

गळा दांड्यात नुसता दाबून बसवलेला असतो, पण जुनी शाई आणि लाख यांनी तो चिकटतो. केस वाळवायचा ड्रायर कमी उष्णतेवर ठेवा, वीस-पंचवीस सेंमी अंतरावरून फक्त जोडावर हवा सोडा आणि पेन सतत फिरवत राहा. अर्धा मिनिट झालं की जोड गालाला टेकवून बघा. गरम लागला पाहिजे, पण गाल मागे घ्यावासा वाटता कामा नये. साधारण ५० अंश सेल्सियस. सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे घ्या, एकाने गळा धरा, दुसऱ्याने दांडा, आणि फक्त पीळ द्या. वाकवायचं नाही, ओढायचंही नाही. दांड्याचं तोंड कागदासारखं पातळ असतं, तिरका जोर पडला की तिथेच तडकतं.

पहिल्या खेपेला हलणार नाही. थंड होऊ द्या, पुन्हा गरम करा. सहा, आठ, दहा खेपा लागतात. सुटायच्या आधी अगदी बारीक 'टक्' असा आवाज येतो. तो लाखेचा पापुद्रा तुटल्याचा असतो, घाबरू नका, पण तिथेच थांबा आणि आणखी एकदा गरम करून मग फिरवा. घाई इथेच नडते.

तांबडीशाई
सुईबद्दल निबनिगुती यांचं म्हणणं पटलं, माझी सूचना मागे घेतो. उघडल्यावर जुनी पिशवी कशी काढायची?

निबनिगुती
गळ्याच्या मागे एक बोंडी असते, तिच्यावर पिशवीचं तोंड चिकटलेलं असतं. तिथे काळी, काचेसारखी ठिसूळ कड दिसेल. बांबूची काडी चपटी तासून तिने खरवडा, पोलादी सुरीने एबोनाइटवर चरे पडतात. बोंडी पूर्ण गुळगुळीत हवी, एखादा कण राहिला तरी नवी पिशवी तिथून झिरपते. दांडा उलटा धरून टिचक्या मारा, कवचाचे तुकडे पडतील. तरफेने पिशवी चेपणारी दाबपट्टी आतच असते. गंजली असेल तर लांब चिमट्याने सरळ ओढून काढा, बारीक तारकाथ्याने घासा आणि त्याच दिशेने परत सरकवा, पट्टीची सपाट बाजू तरफेखाली आली पाहिजे.

गळा, निब आणि जीभ (निबखालचा, शाई पोचवणारा भाग) मात्र आता दांड्यापासून वेगळे झाले आहेत, त्यांना पाणी चालतं. गार पाणी, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, मग बदलून पुन्हा. गरम पाण्याने काळं एबोनाइट तपकिरी पडतं. शाई फारच घट्ट असेल तर दहा भाग पाण्यात एक भाग साधा अमोनिया आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, दहा मिनिटं, मग साध्या पाण्याने खळखळून धुवा. धुण्या-पुसण्यासाठी स्पिरिट आणि अॅसिटोन कुठल्याच जुन्या पेनाजवळ आणू नका. निब आणि जीभ ओढून काढायची गरज नाही. पाणी आरपार जात असेल तर तशीच राहू द्या.

रेघोटी
पिशवी कुठल्या मापाची घ्यायची? आकडे १४, १६, १८ असे असतात, त्यांचा अर्थ लागत नाही.

कित्ता
तो आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागात पिशवीची बाहेरची जाडी सांगतो. आकड्याला ०.४ ने गुणलं की जवळपास मिलिमीटर मिळतात. १६ म्हणजे पाव इंच, ६.३५ मिमी. १८ म्हणजे ७.१ मिमी. व्हर्नियरने बोंडी मोजा आणि तिच्याएवढी किंवा किंचित लहान पिशवी घ्या, म्हणजे ती ताणून बसते. मग दांड्यात रिकामी सरकवून बघा. दाबपट्टीला घासत असेल तर एक माप खाली या. मोठी पिशवी म्हणजे जास्त शाई असं वाटतं, पण कोंबलेली पिशवी पूर्ण चेपत नाही आणि उलट कमी भरते.

लांबी: गळा दांड्याच्या बाहेर, बसेल तिथे धरा, पिशवी शेजारी ठेवा, आणि दांड्याच्या आतल्या टोकापासून चार-पाच मिमी अलीकडे कापा.

जुनं_टोपण
रबराऐवजी सिलिकॉनची घेतली तर? ती कुजत नाही म्हणतात.

टीपकागद
माझं मत साधं रबर. सिलिकॉनला लाख धरत नाही, वेगळा गोंद लागतो, आणि तो पुढच्या दुरुस्तीला सुटत नाही. पीव्हीसीची पिशवी ताठ असते, तरफेचा जोर तिला पुरत नाही.

कित्ता
फिक्या सेल्युलॉइडच्या पेनात मी पीव्हीसीच सुचवेन, कारण रबराच्या वायूने तो रंग कायमचा जातो. हिरव्या-काळ्या केसीनला मात्र रबर ठीक. इथे आपलं एकमत.

टीपकागद
मान्य, फिक्या सेल्युलॉइडचं तुमचं बरोबर आहे.

चिकटवायला स्पिरिटमध्ये विरघळवलेली शुद्ध लाख, म्हणजे शेलॅक. बोंडीवर पातळ एक हात द्या, पिशवी चढवा, ती वाकडी असेल तर पहिल्या मिनिटातच फिरवून सरळ करा आणि रात्रभर ठेवा. झटपट चिकटणारा गोंद वापरला तर पुढच्या वेळी पिशवीबरोबर बोंडीही तुटते. वाळल्यावर पिशवीला बाहेरून शंखजिऱ्याची बिनवासाची पूड लावा, म्हणजे ती दाबपट्टीला चिकटत नाही आणि पीळ पडत नाही. गळा दांड्यात बसवताना गोंद लावायचा नाही. सैल वाटला तर गळ्याच्या मागच्या भागावर शेलॅकचा पातळ थर द्या, पूर्ण वाळवा, मग दाबा.

शाईदौत
सातव्या खेपेला 'टक्' आला, आठव्या वेळी गळा सुटला. दांडा धड आहे. बोंडी ६.४ मिमी, म्हणून १६ ची पिशवी. ती घालून तरफ उचलली, मोकळी चालते. पाण्यात निब बुडवून तरफ उचलली तेव्हा बुडबुडे आले, सोडून दहा सेकंद थांबलो, मग मोजले तर चोवीस थेंब निघाले.

आता लिहिताना शाई येते, पण वर जाणाऱ्या रेघेला खरखरतं. बारीक कागदाने टोक घासू का?

बोरूवाला
नका घासू! भिंगातून टोक समोरून बघा. निबच्या दोन पाकळ्या असतात, त्यांची टोकं एका पातळीत हवीत. एक पाकळी केसभर खाली असेल तर वर जाताना तिची आतली कड कागदात रुतते, आणि खरखरीचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. खाली असलेल्या पाकळीला नखाने अलगद वर दाबा, सोडा, पुन्हा बघा. सोन्याची निब हळू ऐकते, पाच-सहा वेळा करावं लागतं. मग निब दिव्यासमोर धरा. फटीतून प्रकाशाची रेघ छिद्रापासून टोकापर्यंत बारीक होत गेली पाहिजे. टोकाशी रुंद होत असेल तर शाई तुटते.

निबनिगुती
आणि टोक बाजूनेही बघा. वर्षानुवर्षं एकाच हातात चाललेल्या निबच्या टोकावर एक सपाट पैलू झिजलेला असतो.

शाईदौत
उजवी पाकळी खाली होती, आता बरोबर आली. खरखर निम्मी झाली. टोकाच्या डाव्या अंगाला चपटा भाग आहे, भिंगात तो तासलेल्या मण्यासारखा चकाकतो.

निबनिगुती
मग पेन डावीकडे थोडं कलवून लिहून बघा. तो चपटा भाग कागदावर पूर्ण टेकला की निब आपोआप गुळगुळीत धावते, तो तुमच्या आजोबांच्या पकडीचा कोन आहे. १२,००० नंबरच्या पॉलिशच्या कागदावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे चार फेरे मारून खरखर जाईलही, पण टोकावरचा कठीण धातू घासला की परत येत नाही. आधी महिनाभर कलवून लिहा, मग ठरवा.

रेघोटी
शाई कोणती भरावी?

टीपकागद
पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची साधी, सहज धुतली जाणारी निळी किंवा काळी. चित्रकामाची इंडिया शाई कधीच नाही, तिच्यातली लाख जिभेच्या खाचांत घट्ट होते. पेटीत पेनाबरोबर जुनी दौत निघाली असेल तर ती शाईही भरू नका, तळाशी गाळ आणि वर बुरशी असते. केसीनच्या पेनाचं आणखी एक पथ्य: भरताना फक्त निब आणि गळ्याचं टोक बुडवा, आणि गळा-दांड्याच्या जोडावर आलेली शाई लगेच कोरड्या फडक्याने टिपा. टोपणाच्या आत वाळलेली शाई जेमतेम ओलसर कापसाने पुसून लगेच कोरडी करा. तरफेवरचा सोनेरी मुलामा घासू नका, खालचं पितळ उघडं पडतं.

शाईदौत
कलवून लिहिलं. खरखर अजिबात नाही, आणि आडव्या रेघा बारीक, उभ्या जाड येताहेत. पॉलिशचा कागद बाजूला ठेवला. आडव्या टॉर्चने आकड्यातला ८ पक्का झाला, त्याच्या आधीचा अंक ५ किंवा २. क्लिप आणि कड्यांचे फोटो उद्या देतो.

कित्ता
दांड्याच्या शेपटाचाही द्या, सपाट आहे की गोल ते दिसेल असा. आणि सगळ्या फोटोंत शेजारी मोजपट्टी ठेवा.